शनिवारचा सिनेमा आणि कोकणातली भुतं

'दशावतार' हा सिनेमा येऊन गेल्यापासून आमच्या वेंगुर्ल्याकडच्या घरच्या ग्रुपवर एक वाद धुमसतोय. काकांचा सवाल, "कोकणात माणसा रवतत की नुसती भुता?" 'तुंबाड' झाला, 'मुंज्या' झाला, आता हा. चुलतभाऊ म्हणतो, भुतं राहूदेत, मराठी सिनेमाला शो मिळत नाहीत त्याचं बोला. मी सिॲटलहून तोंड उघडलं की ठरलेलं उत्तर येतं, "तुका सांगूक काय जाता?"

तरी सांगतो. 'दशावतार' मी इथे थिएटरात पाहिला. प्रदर्शनाच्या महिनाभर आधी 81 पूर्ण केलेले दिलीप प्रभावळकर बाबुली मेस्त्री म्हणून उभे राहतात, तेवढ्यासाठीच तिकीट वसूल. उत्तरार्ध मारधाडीच्या अंगाने जातो तिथे माझं लक्ष उडालं. जत्रेतला दशावतार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, असा घाईत नसतो. लिहिलेली संहिता नसते. राजपार्टी (राजाचं काम करणारा) आणि स्त्रीपार्टी (बाईचं काम करणारा) रंगात आले की अर्धा अर्धा तास एकमेकांना शब्दांत अडकवतात, मागे पायपेटीवाला वाट बघत बसतो, आणि नाटक उजाडेपर्यंत चालतं. सिनेमाला तेवढी उसंत परवडत नाही, हे कळतं. पण एखादी जुगलबंदी पूर्ण दाखवायला काय हरकत होती?

भुतांबद्दल काकांशी मी निम्मा सहमत. 'मुंज्या'चा दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, त्यानेच 2013 मध्ये 'नारबाची वाडी' केला. तिथेही प्रभावळकर, तिथेही कोकण, पण भूत नाही. खोताचा डोळा असलेली वाडी आणि ती न सोडणारा म्हातारा. जमिनी विकू नका म्हणून आज गावोगाव बोर्ड लागतात, त्यांच्यापेक्षा नारबा जास्त पटवून जातो. (माझ्यासारख्या परदेशी बसलेल्या वारसदारांनी तो जरा जपून बघावा.) तरी घरातल्या पोरांना फक्त मुंज्या माहीत, कारण तोच समोर येतो.

शोंच्या भांडणात मला हेच राहून गेल्यासारखं वाटतं. 2015 साली सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइमला मराठी सिनेमा लावायला सांगितलं, तरी भांडण मिटलं नाही, आणि ते पहिल्या आठवड्याच्या पुढे जातही नाही. आमच्या गावात थिएटरच नाही, मग शो मिळाले काय नि न मिळाले काय! 'तुंबाड' 2018 मध्ये आला तेव्हा बेताचाच चालला. 2024 ला पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला. मधल्या वर्षांत लोकांना तो घरी बघता आला, म्हणून.

इथे सिॲटलात स्केअरक्रो व्हिडिओ नावाचं दुकान आहे. 1988 पासूनचं, 2014 पासून ना-नफा तत्त्वावर चालणारं, लाखाहून जास्त सिनेमे भाड्याने देणारं. कपाटं दिग्दर्शकांच्या नावाने लावलेली. एक उचलायला जावं तर त्याच माणसाचा विसरलेला दुसरा हाती लागतो. अमेरिकेतली बाकीची अशी दुकानं बहुतेक बुडाली; नेटफ्लिक्सनेही पोस्टाने डीव्हीडी पाठवणं 2023 च्या सप्टेंबरात थांबवलं. म्हणजे इकडे सगळं आलबेल आहे असं नाही. पण एवढ्या एका दुकानामुळे जुना सिनेमा मागणं हे वेडेपण वाटत नाही.

आणि भाड्याने सिनेमा ही काही अमेरिकेची देणगी नव्हे. गणपतीत वर्गणी काढून खळ्यात 'व्हिडिओ' आणायचे ते आठवा. टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट एका रात्रीच्या भाड्याने. एक मारधाड, एक देवाचा, एक मराठी, असा तह व्हायचा. म्हाताऱ्यांना देवाचा आधी लावून द्यायचा, ते झोपले की मारधाड. मराठीवाला पहाटे लागायचा, तेव्हा आत्या सोडून कोणी जागं नसायचं.

आता ॲमेझॉनवर भाडं भरलं की बघायला घ्यायला तीस दिवस, सुरू केला की संपवायला अठ्ठेचाळीस तास. तहाची पद्धत मात्र आमच्याकडे तीच. या शनिवारी माझी पाळी, आणि मी अविनाश अरुणचा 'किल्ला' लावणार आहे. आईची बदली झाली म्हणून पुणं सोडून कोकणातल्या शाळेत येऊन पडलेला मुलगा. भूत नाही, खून नाही, पाऊस भरपूर. दोन देशांत तीन शाळा बदललेली माझी मुलगी विचारतेय, "बोअर आहे का?" पहिली वीस मिनिटं आहे, असं खरं ते सांगून टाकलंय.