रुळांवरून दूधसागर? पुन्हा तेच!

पाऊस लागला की पर्यटकांचे लोंढे सुरू. गोव्यातल्या कुळे स्टेशनात उतरायचं आणि रूळ तुडवत दूधसागर धबधबा गाठायचा! अहो, ती ब्रागांझा घाटातली चालू लाइन आहे, पोर्तुगीज अमलात एकोणिसाव्या शतकात डोंगर फोडून काढलेली. चढ १:३७, म्हणजे दर ३७ मीटरला १ मीटर. मालगाडीला मागून ढकलायला जादा (बँकर) इंजिनं लावावी लागतात ती उगीच नाही. घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉक स्टेशनकडून उतरणारी भरलेली गाडी माणूस दिसला म्हणून जागच्या जागी थांबत नाही. त्यात वळणं, बोगदे, धुकं आणि सुमारे ३१० मीटरवरून कोसळणाऱ्या पाण्याचा आवाज. हॉर्न ऐकू येईतो इंजिन अंगावर. रुळांखालच्या ओल्या स्लीपरवरून घसरलात तर सावरायचं कशाला धरून?

रेल्वे कायद्याचं कलम १४७ आहे: ६ महिन्यांपर्यंत कैद, १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी पकडल्यावर वर हुज्जत! शिवाय भगवान महावीर अभयारण्यात शिरून माकडांपुढे वेफर्सची पाकिटं फोडायची, ते वेगळंच.

साधारण ऑक्टोबरपासून कुळ्याहून परवान्याच्या जीपगाड्या धबधब्याच्या पायथ्याशी नेतात, लाइफ जॅकेटसकट. तोवर दम धरा की!