सॉरी आणि 'सोरी'

घरच्या ग्रुपवर दादाने फतवा काढला: "'सॉरी' हा परका आणि पोकळ शब्द. नुसता तोंडदेखला. आजपासून 'माफ करा' म्हणायचं." खाली चौदा अंगठे. मी बर्फ उपसून नुकतीच आत आले होते, अंगातलं जॅकेटही काढलं नव्हतं, तशीच उत्तर लिहायला बसले.

पहिलं म्हणजे 'माफ' अरबी. तोही परकाच, फक्त आधी आलेला. ('फतवा'सुद्धा, पण ते लिहिलं नाही.) शुद्धच हवं तर 'क्षमस्व' घ्या. माणसाच्या तोंडून मी तो कधी ऐकला नाही. टीव्हीवरचं चित्र गेलं की 'व्यत्ययाबद्दल'च्या पुढे दिसायचा.

आणि पोकळ? जुन्या इंग्रजीत हा शब्द 'सारिग' होता, 'सार' म्हणजे वेदना, त्यावरून आलेला. आजचा 'सोअर', म्हणजे दुखरा, त्याच घरातला. 'सॉरो' सख्खी बहीण वाटते, पण तिचं कूळ वेगळं. शेजारी राहून चेहरे सारखे झाले इतकंच. झिजला म्हणायचा तर जर्मनांचा 'झेअर'. मूळ हेच दुखणं, आता अर्थ उरलाय नुसता 'खूप'.

इथे टोरोंटोत ब्लूर-यंगच्या मेट्रो स्टेशनवर गर्दीत माझा पाय कुणाच्या पायावर पडला, तर सॉरी तोच म्हणतो. कॅनडाच्या या ऑन्टारिओ प्रांतात २००९ पासून कायदाच आहे: सॉरी म्हटलं म्हणजे चूक कबूल केली, असं दिवाणी दाव्यात धरत नाहीत. विम्यालाही धक्का लागत नाही. आपल्याकडे लोक सॉरी म्हणत नाहीत ते काही मराठीच्या प्रेमापोटी नव्हे, असंही मी वर ठोकून दिलं. जरा जास्तच झालं.

दादाचं उत्तर आलं. "म्हणजे तुमच्याकडे सॉरीला काही किंमतच मोजावी लागत नाही. मग पोकळच की."

पाठोपाठ दुसरं, ग्रुपवर नाही, फक्त मला: "आईच्या ऑपरेशनला तू आली नाहीस तेव्हा फोनवर सॉरी म्हणालीस. सॉरी पण नाही, 'सोरी'. आईने मला विचारलं, काय म्हणाली रे ती, असं नाही. विचारलं, अशी का बोलते?"

इथे सगळे 'सोरी'च म्हणतात, 'सोअर'मधल्या 'सो'सारखं. मला कधी लागलं ते कळलंही नाही. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते फार छान आहे, असं मी टाइप केलं आणि पुसलं.

'चुकलं माझं' एवढंच म्हणायचं होतं. तेव्हा तोंडात आलं नाही.