यंत्राला चहा चालत नाही

सांगलीच्या माणसानं परगावी जाऊन ‘मला बुद्धिबळ फारसं येत नाही’ असं एकदा म्हणून बघावं. समोरचा आधी हसतो आणि मग संशयानं बघायला लागतो. कोल्हापूरकराला कुस्ती कळत नसली तरी तो विषय तांबड्या रश्श्यावर नेऊ शकतो. आम्ही भडंगावर नेला, तर समोरचा भडंग संपवून पुन्हा पटावर येतो. ‘‘ते भाऊसाहेब पडसलगीकर तुमच्याकडचेच ना? नूतन बुद्धिबळ मंडळवाले? आणि भाग्यश्री साठे?’’ होय, आमच्याचकडचे. भाग्यश्रीताई पाच वेळा महिलांच्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या, १९८७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच गावात माझं नाव मतदार यादीत आहे, त्या विजेतेपदांशी माझा संबंध तेवढाच.

मला जे येतं ते गावभागातल्या कट्ट्यावरचं बुद्धिबळ. त्यात पटावर दोघं बसतात, चाली सहाजण करतात आणि हरला कोण यावर रात्रीपर्यंत एकमत होत नाही. आमचे आप्पा या प्रकारातले अव्वल. त्यांचा निम्मा खेळ तोंडात आहे. उंट उचलायचा, हवेत धरायचा, ‘‘बघा हं, नंतर म्हणू नका,’’ असं म्हणून होता तिथंच ठेवायचा. एवढ्यानं समोरच्याचा वजीर घाबरून मागं जातो! डाव फारच बिघडला तर आप्पांना नेमका चहा आठवतो आणि चहा पिऊन परत येईपर्यंत पटावरच्या एकदोन मोहऱ्यांनी बदलीचे आदेश घेतलेले असतात.

तर हे आप्पा मोतीबिंदूसाठी मुलाकडं पुण्याला गेले आणि मी उघडा पडलो. माझा चेहरा बघून नातीनं मोबाईलवर बुद्धिबळाचा एक प्रोग्राम उतरवून दिला. ‘‘आजोबा, आता कधीही खेळा. हा कंटाळत नाही.’’ हे तिनं गुण म्हणून सांगितलं होतं.

यंत्राची ताकद आपण ठरवायची. पट्टी उजवीकडं सरकवली की जगज्जेता, डावीकडं सरकवली की माझ्यासारखा. सगळ्यात डावीकडच्या खेळाडूला लहान पोराचं चित्र लावलेलं आहे. अहंकार बाजूला ठेवून मी त्या पोराशी सुरुवात केली. आता कच्चा माणूस सगळीकडं सारखाच कच्चा असतो. यंत्राला कच्चं खेळायला सांगितलं की ते निराळंच काही करतं. आठदहा चाली अशा खेळतं की आपल्याला घाम फुटावा, आणि मग काही एक कारण नसताना वजीर आणून आपल्या प्याद्याच्या तोंडी देतं. चूक म्हणून नव्हे, दान म्हणून. वर एक वाक्य नाही. आप्पांचा वजीर मेला असता तर निदान त्यांनी माझ्या घराण्याचा उद्धार केला असता. इथं मी वजीर मारला आणि खोलीत पंख्याचा आवाज. शेवटी मीच मोठ्यानं ‘‘घे!’’ म्हणालो. आतून हिनं विचारलं, ‘‘काय घेऊ?’’

वाद घालायची सोय नाही हे तर फारच जाचक. आमच्या देशी पद्धतीत शह बसलेला नसला तर राजा एकदा घोड्यासारखा अडीच घरं उडी मारतो. मी आणीबाणीच्या वेळी राजाला ती उडी मारायला लावली. मोबाईलनं टुण्ण असा आवाज केला आणि राजा मुकाट्यानं परत जाग्यावर. पुन्हा मारली, पुन्हा टुण्ण. कट्ट्यावर एवढ्या मुद्द्यावर अर्धा तास गेला असता, दोन जुनी भांडणं निघाली असती. एकदा तर मी प्यादं दोन घरं पुढं टाकलं आणि शेजारच्या घरातल्या यंत्राच्या प्याद्यानं ते रिकाम्या घरात तिरकं जाऊन उचललं. माझं प्यादं होतं तिथं कुणी आलं नाही, गेलं नाही, आणि प्यादं गायब! नातीला दाखवलं. ती म्हणाली, ‘‘एन पसाँ आहे ते आजोबा, नियम आहे.’’ देशी खेळात प्यादं एकाच घरानं सरकतं, त्यामुळं असल्या फ्रेंच चोरीला वावच नाही.

खेळ संपला की छळ संपावा, तर तसंही नाही. मग विश्लेषण येतं. आपल्या चालींपुढं प्रश्नचिन्हं उमटतात. फारच अपराध असेल तर दोन. आणि प्रत्येक चालीनंतर आपण किती मागं आहोत याचा आकडा. प्याद्याची किंमत एक, घोडा आणि उंट तीन-तीन, हत्ती पाच, वजीर नऊ, हे मला माहीत होतं. पण दशांश मला अपेक्षित नव्हते. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी आयुष्यभर दिवाणजीगिरी केली, पैन् पैचा मेळ घातला. त्या माणसाला हे यंत्र सांगतंय की पाचव्या चालीला तुमच्या अंगावर शून्य पूर्णांक सात प्याद्यांचं देणं आहे. सात दशांश प्यादं कुणाचं देऊ? बरं, ही बाकी कशी आली म्हणून वही मागावी तर चालींची अशी लांबलचक रांग दाखवतं की तिच्या तिसऱ्या चालीलाच माझं बोट स्क्रीनवरून घसरतं.

चिडून मी या विषयाचा इतिहास धुंडाळला. १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लू या संगणकानं खुद्द जगज्जेत्या कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवलं. ते यंत्र सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासायचं. कास्पारोव्ह चिडला, आत कुणा माणसाचा हात असल्याचा संशय त्यानं घेतला. वाचून मला एकदम तो आमच्या कट्ट्यावरचा वाटला. त्याच्या कितीतरी आधी ॲलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञानं बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहिला होता, पण तो चालवू शकेल असा संगणक नव्हता. म्हणून १९५२ मध्ये एका डावात तो स्वतःच कागदावर आकडेमोड करून एकेक चाल काढत बसला, एकेका चालीला अर्धा तास लागायचा, आणि एवढं करून तो डाव हरला. या यंत्राशी माझं सूत जमलं असतं. पण माझ्या मनात भरलं ते फॉन केम्पेलेनचं १७७० सालचं यंत्र. पेटीमागं बसलेला फेटेवाला तुर्की बाहुला बुद्धिबळ खेळायचा, युरोपातल्या दरबारांत भल्याभल्यांना हरवायचा. त्याचं गुपित एवढंच की पेटीच्या आत एक पट्टीचा खेळाडू अंग चोरून बसलेला असायचा. लोक त्याला फसवणूक म्हणतात. मी म्हणतो, आत माणूस होता हे काय थोडं झालं? शिंकला तरी असेल कधी.

मधल्या काळात मी सुधारलो, हे नाकारून चालणार नाही. किल्लेकोट, म्हणजे राजाला हत्तीच्या आडोशाला नेणं, वेळेवर करायला लागलो, घोडा कडेला नेऊन बसवणं थांबवलं. पण ही सुधारणा दाखवायची कुणाला? यंत्र ‘तुम्ही जिंकलात’ म्हणून रंगीत कागदाचे कपटे उडवतं, ते हरलेल्या माणसाच्या तोंडाची सर कुठून आणणार?

मग आप्पा आले. काळा चष्मा, खिशात थेंबांची बाटली. कट्ट्यावर मी मोबाईल काढलेला बघून म्हणाले, ‘‘काय ओ दिवाणजी, काय करालाय?’’ मी सांगितलं. ‘‘आणा हिकडं.’’ अर्धा कट्टा गोळा झाला. मी पट्टी डावीकडं सारून दिली. आप्पांनी सवयीनं उंटावर बोट ठेवून ‘‘बघ हं बाळा’’ वगैरे म्हणून पाहिलं, यंत्र घाबरलं नाही. आणि पंधरावीस चालींनंतर त्यानं नेहमीप्रमाणं वजीर आणून आप्पांच्या प्याद्याच्या तोंडी दिला.

आप्पांनी तो मारला खरा, पण त्यांचा चेहरा पडला. ‘‘पोरानं न बघता ठेवलाय ओ. परत द्या त्याचा त्याला.’’

‘‘आप्पा, ते यंत्र आहे.’’

‘‘असू दे. फुकटचा वजीर मी घेत नाही.’’ आयुष्यभर चहाच्या आड मोहरे हलवणारा हा माणूस! त्यांनी माझ्याकडून चाल मागं घेण्याचं बटण दाबून घेतलं, वजीर जिवंत केला आणि भलतंच प्यादं पुढं सरकवलं. यंत्रानं आपला वजीर तिथून हलवला, आणि सातआठ चालींत त्याच वजिरानं आप्पांवर मात केली. कागदाचे कपटे उडाले नाहीत. पुन्हा खेळायचं का, एवढंच विचारलं.

आप्पा बराच वेळ मोबाईलकडं बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘ह्याला म्हणावं, थांब. चहा घेऊन येतो.’’



आणि मोबाईल माझ्या हातात देताना हळूच कानाशी आले, ‘‘तोवर त्याचा एखादा हत्ती हलतोय का बघा की जरा.’’