‘मोइन’चे दोन भाग झाले म्हणून भूगर्भशास्त्र अंदाजपंचे ठरत नाही

येऊर-पारसिकला भटकणाऱ्या आपल्या ठाणेकरांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. सार असं: स्कॉटलंडच्या उत्तर हायलँड्समधल्या ‘मोइन’ या रूपांतरित खडकांचे अलीकडे ‘वेस्टर रॉस’ आणि ‘लॉख नेस’ असे दोन महासमूह (खडकांच्या अनेक गटांचं एक मोठं खातं) करण्यात आले. खडक तेच, पाट्या नव्या. त्यात वालुकाश्म आणि शिस्ट (उष्णता-दाबाने बदललेला पापुद्र्यांचा खडक) एकाच खात्यात. म्हणजे भूगर्भशास्त्र सगळं अंदाजपंचे; आपला काळा दगड बरा, तो काळा दगडच!

खडक तेच, हे कबूल. पण मोइनमधले मोरार, ग्लेनफिनन आणि लॉख ईल हे खडकांचे गट एकाच खोऱ्यात एकावर एक साचले, हे गृहीतक टिकलं नाही. गाळात वाहून आलेल्या झिरकॉन या टिकाऊ खनिजाच्या कणांचं वय काढता येतं, आणि सर्वांत तरुण कणापेक्षा गाळ जुना असूच शकत नाही. त्यावरून मोरारचा गाळ साधारण 100 कोटी वर्षांपूर्वीचा, बाकी दोघांचा 90 कोटींच्या आसपासचा ठरतो. म्हणून मोरार वेस्टर रॉसमध्ये गेला, बाकी दोघे लॉख नेसमध्ये. एवढं अंतर असताना एकच नाव ठेवणं हीच खरी चूक झाली असती. (‘लॉख नेस’ नाव पर्यटन खात्याने सुचवल्यासारखं वाटतं, हे मात्र खरं.)

वालुकाश्म-शिस्टचा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण मोरारबरोबर वेस्टर रॉसमध्ये घातलेला, पश्चिमेकडचा टॉरिडनचा वालुकाश्म आणि मोरारचे शिस्ट हे मुळात नद्यांनी आणलेल्या एकाच काळातल्या वाळूचे थर आहेत, असं नव्या मांडणीचं म्हणणं आहे. मोरार पुढे पर्वतनिर्मितीत सापडून भाजला-दाबला गेला, टॉरिडन वाचला. साधारण 43 कोटी वर्षांपूर्वी ‘मोइन थ्रस्ट’ या भ्रंशावरून (खडकातल्या मोठ्या भेगेवरून) मोरारसह पूर्वेकडचे खडक पश्चिमेला सरकले. गट ठरतो तो गाळ कधी, कसा साचला यावर. नंतर त्याचं काय झालं यावर नाही.

‘आधीही चुकले होतेच’ म्हणून फॉरवर्डमध्ये एकोणिसाव्या शतकातल्या मर्चिसन या भूगर्भशास्त्रज्ञाचं नाव आहे. शिस्ट इतर खडकांच्या वर आहेत म्हणजे तरुण, असं तो म्हणे. निकोल या दुसऱ्या भूगर्भशास्त्रज्ञाने तेव्हाच विरोध केला, 1883 मध्ये लॅपवर्थने डोंगर तुडवून निकोलचा विरोध खरा ठरवला: शिस्ट वर आहेत ते भ्रंशावरून सरकून आल्यामुळे. मर्चिसनची बाजू घेणाऱ्या गीकीने 1884 मध्ये जाहीर माघार घेतली, आणि त्याच्याच भूगर्भ सर्वेक्षण खात्यातल्या पीच आणि हॉर्न यांचा सविस्तर अहवाल 1907 मध्ये आला. यात लपवण्यासारखं काय आहे?

राहिला काळा दगड. सह्याद्रीतल्या बेसाल्टचेही जव्हार, नेरळ, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी असे थर मुख्यतः रासायनिक घटकांवरून वेगळे केले आहेत. नुसत्या डोळ्यांना बुशे आणि आंबेनळी दोन्ही काळेच. पण बुशेच्या लाव्हात वर येताना भूकवचाचा बराच अंश मिसळला, आंबेनळीच्या लाव्हात अगदी थोडा.