अभ्यासू दिसण्याचा अभ्यासक्रम

राज्यसेवेची तयारी करण्यासाठी आपण पुण्यात दाखल झाला असाल, तर सदाशिव, नारायण किंवा नवी पेठेत आधी भाड्याच्या सामायिक खोलीत एक कॉट मिळवावी आणि मगच अभ्यासिका शोधावी. अभ्यासिका निवडताना आतील शांततेपेक्षा खालच्या टपरीवरील चहा तपासणे शहाणपणाचे ठरते; कारण परीक्षा घेणाऱ्या लोकसेवा आयोगाच्या मनात काय आहे, पुढच्या जाहिरातीत उपजिल्हाधिकाऱ्यांच्या किती जागा निघतील आणि कट-ऑफ कुठे थांबेल, हे सारे यापुढे आपल्याला तेथेच ठरवायचे आहे. खाली उतरताना टेबलावरील पुस्तक उघडेच ठेवावे. त्यामुळे जागाही राखली जाते आणि अभ्यासही चालू राहतो.

सुरुवात नेहमी राज्यव्यवस्थेपासून करावी आणि तीही 1773च्या नियामक कायद्यापासून. पिवळ्या हायलाइटरने महत्त्वाची वाक्ये रंगवावीत, गुलाबीने अतिमहत्त्वाची, आणि पानावर पांढरी जागा उरलीच तर हिरवा रंग हाताशी असावा. 1784च्या पिट्स कायद्यापर्यंत पोहोचेस्तोवर एखाद्या यशस्वी उमेदवाराची मुलाखत पाहण्यात येते, तीत वेगळेच पुस्तक सुचवलेले असते आणि मग ते आणून पुन्हा 1773पासून प्रारंभ करणे क्रमप्राप्त होते. अशा निष्ठेने अभ्यास केल्यास कंपनी सरकारच्या कारभारात आपला हात धरणारा कोणी राहत नाही; राज्यघटना मात्र 1950 साली लागू झालेली असूनही आपल्यापर्यंत पोहोचण्याआधीच पूर्वपरीक्षा उजाडते. टेलिग्रामवरून उतरवलेल्या पीडीएफ तेवढ्या वाचण्याचा अट्टहास धरू नये. त्या साठवायच्या असतात.

सीसॅटचा, म्हणजे पूर्वपरीक्षेतील केवळ पात्रतेपुरत्या दुसऱ्या पेपराचा, सराव तर कमीपणाचाच मानावा. ज्या पेपरात 200पैकी 66 गुण मिळाले की भागते, त्याच्यासाठी घाम गाळणे भावी अधिकाऱ्याला शोभत नाही. ते 66 गुण हुकून पहिल्या पेपरातील घसघशीत गुण वाया गेले, तर उतारे फार लांब होते, असे सांगावे. पहिल्या पेपरात चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाचे पाव गुण वजा होतात, हे ठाऊक असूनही शेवटच्या दहा मिनिटांत उत्तरपत्रिकेवरचे गोळे अंदाजाने रंगवण्याचे जे धैर्य लागते, ते प्रशासनात पुढे उपयोगी पडेलच.

अपयशाचे कारण मात्र भक्कम हवे, आणि या बाबतीत आयोग आपल्याला कधीही उघडे पडू देत नाही. मुख्य परीक्षा वर्णनात्मक, म्हणजे पर्याय निवडण्याऐवजी उत्तरे लिहिण्याची, करण्याचा निर्णय 2022मध्ये झाला, 2023च्या आरंभी त्याविरुद्ध उमेदवारांचे आंदोलन झाले आणि अंमलबजावणी 2025पर्यंत पुढे गेली. जाहिरात, निकाल आणि नियुक्ती यांच्यातील विलंबाने अनेकांची उमेदीची वर्षे खाल्ली, हे खरेच आहे. तो राग रास्त आहे, आणि रास्त असल्यामुळेच तो उसना घेणे सोपे जाते. मिळालेल्या मुदतवाढीत आपण एकही उत्तर लिहून पाहिले नसेल, तरी ‘पॅटर्न बदलला’ एवढे दोन शब्द घरच्यांना पुरतात. शेतातल्या उत्पन्नातून दरमहा मेसचे पैसे पाठवणाऱ्या वडिलांना पॅटर्न म्हणजे काय हे विचारायचा संकोच वाटतो, याचा आदरपूर्वक लाभ घ्यावा.

वयोमर्यादेचीही चिंता नको. खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 वर्षांपर्यंत सवलत आहे. एवढ्या अवकाशात दुसरी एखादी वाट, म्हणजे ज्याला आपण ‘प्लॅन बी’ म्हणतो, तिचा विचार करणे हे निष्ठा डळमळीत असल्याचे लक्षण होय.

दिवाळीला गावी गेल्यावर नव्या पिढीला वेळ द्यायला मात्र विसरू नये. शाळेत मार्गदर्शनासाठी बोलावले तर नारळ आणि शाल स्वीकारून ‘सातत्य’ या विषयावर तासभर बोलावे. भाषणानंतर एखादा होतकरू मुलगा पुण्यात राहण्याची सोय विचारायला आलाच, तर त्याचा नंबर लगेच घ्यावा. खोलीतील तिसरी कॉट रिकामी असली की भाडे फार अंगावर येते.