पाटीवरची भाषा आणि मशीनवरची भाषा

२०२४ साली कर्नाटकाने दुकानांच्या नि आस्थापनांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड सक्तीचं केलं. खरं बेळगावच्या माणसांशी फोनवर बोलायला बसलं की अजून विषय तोच. एकजण म्हणतो, आमच्याच गावात आमची भाषा खालच्या ओळीत. दुसरा म्हणतो, राज्य कन्नडचं, मग त्यात चुकलं काय? आणि एक तिसरा असतो, तो मला सगळ्यात जास्त खुपतो. तो समजुतीच्या सुरात म्हणतो, हे सगळं सोडा की, पोरांना इंजिनिअर व्हायचंय, त्यांचं इंग्रजी सुधारा, बाकी काही लागत नाही.

मी फिनलंडमध्ये, वासा शहरात, इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना तांत्रिक लेखन शिकवते. त्यामुळे या तिघांनाही मला एकच विचारायचं आहे. दुकानाच्या कपाळावरचं नाव कुठल्या लिपीत आहे यावर तुम्ही सत्तर वर्षं भांडता. बेळगावच्या तिसऱ्या रेल्वे गेटापुढे, उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत जी मशीनं चालतात, त्यांच्यावर काय लिहिलंय आणि ते कुणाला वाचता येतं, यावर कधी भांडलात का?

खरं तर कायद्याने याचा विचार फार आधी केला होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १०८ व्या कलमात म्हटलं होतं की कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीत आणि तिथल्या बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत असाव्यात. राज्याच्या भाषेत किंवा मालकाच्या भाषेत, असं त्यात नव्हतं. एखाद्या फौंड्रीत ओडिशाची पोरं जास्त असतील तर त्यांच्या भाषेत. साठ टक्क्यांच्या वादात हे कलम मी एकाही पुढाऱ्याच्या तोंडून ऐकलेलं नाही.

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावातच आहे. त्याच्या अभ्यासक्रमाच्या २०२२ च्या आराखड्यात पहिल्या वर्षाला संवादाचं इंग्रजी एका क्रेडिटचं, व्यावसायिक लेखनाचं इंग्रजी एका क्रेडिटचं, आणि परीक्षा तासाभराची, चारातला एक पर्याय निवडायची. कन्नड न येणाऱ्यांसाठी ‘बळके कन्नड’ आहे, बोलण्यापुरतं. मराठी पोरांचे आईबाप त्यावरही कुरकुरतात. मला ती कुरकुर पटत नाही, उलट ते कन्नड फारच थोडं आहे असं वाटतं. माझी खरी तक्रार परीक्षेच्या पद्धतीवर आहे. चार तयार वाक्यांतलं बरोबर वाक्य ओळखता आलं म्हणजे लिहिता आलं, असं होत नाही. लिहिलेलं पान दुसऱ्या माणसाच्या हातात देऊन त्याच्याकडून काम होतं का, हे पाहावं लागतं.

इथे माझ्या वर्गात पहिला स्वाध्याय एकाच पानाचा असतो. समजा, हायड्रॉलिक पॉवर पॅकची, म्हणजे तेलाच्या दाबावर मशीन चालवणाऱ्या संचाची, फुटकी होज (नळी) बदलायची आहे. आधी विद्यार्थी लिहीत नाही, काम करणाऱ्याशेजारी उभा राहून हातांच्या हालचाली टिपतो. मग क्रम लावायचा. मोटर थांबवा. मेन स्विच पाडून त्याला कुलूप घाला. ॲक्युम्युलेटरचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडा. प्रेशर गेजचा काटा शून्यावर आला का पाहा. मग होजचा नट ढिला करा. निम्मे विद्यार्थी तिसरी पायरी विसरतात, कारण मोटर थांबली म्हणजे दाब गेला असं त्यांना वाटतं. ॲक्युम्युलेटर ही दाबाखालचं तेल साठवणारी टाकी, ती तो दाब धरून बसलेली असते. २१० बार दाबावर बारीक छिद्रातून सुटलेलं तेल हातमोजा आणि कातडी भेदून आत शिरतं. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, आणि उपचाराला उशीर झाला तर बोट जातं. पायरी गाळणं ही माझ्या विषयात व्याकरणापेक्षा मोठी चूक आहे, आणि गुणही तसेच कापले जातात.

एका पायरीत एकच कृती. विमानांच्या देखभालीच्या पुस्तकांसाठी जे सोपं तांत्रिक इंग्रजी ठरलं आहे, त्यात सूचनेच्या वाक्याला २० शब्दांची मर्यादा आहे आणि वर्णनाच्या वाक्याला २५. बेळगावजवळच्या हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात, म्हणजे ते जग आपल्यापासून लांब नाही. इशारा पायरीच्या आधी यायला हवा. नट फिरवून झाल्यावर वाचलेला इशारा काय कामाचा? इशाऱ्यात तीन गोष्टी लागतात: धोका कशाचा, काय होईल, टाळायचं कसं. आपल्याकडे भट्टीजवळ हमखास दिसतं ते असं: ‘भट्टीत भंगार टाकताना योग्य ती काळजी घेण्यात यावी.’ कुणी घ्यायची? कसली? त्याऐवजी: ‘ओलं भंगार भट्टीत टाकू नका. पाण्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेलं लोखंड अंगावर उसळतं. भंगार कोरडं असल्याचं पाहूनच टाका.’ पाण्याची वाफ होताना ते सुमारे १७०० पट जागा घेतं, आणि भट्टीतलं लोखंड १४०० अंशांच्या आसपास असतं. ‘योग्य ती काळजी’मध्ये यातलं काहीच नाही.

शेवटी चाचणी. ते काम कधीच न केलेले पाच जण आणायचे, दाब नसलेल्या मांडणीवर. लिहिणाऱ्याने गप्प उभं राहायचं, बोट दाखवायचं नाही, मान हलवायची नाही. वाचणारा कुठे थांबला, कुठे पुन्हा वरची ओळ वाचायला गेला, तेवढं लिहून घ्यायचं आणि पान पुन्हा लिहायचं.

आता त्या तिसऱ्या माणसाकडे येते. इंग्रजीत विद्यार्थी हमखास लिहितात, नट ढिला करा, दाब शून्यावर आल्यानंतर. वाक्याची पहिली चार अक्षरं वाचून हात कामाला लागतो. ही सवय मोडायला दोन तासिका जातात. मराठीत आणि कन्नडमध्ये ही अडचण मुळातच कमी आहे. ‘दाब शून्यावर आल्यावर नट ढिला करा’ असंच आपण बोलतो. अट पुढे, क्रियापद शेवटी. सूचना लिहायला आपल्या भाषा कमी पडतात हे कुणी ठरवलं?

त्या कमी पडतात तिथेही पडू देतोय आपण. ‘बंद करा’ घ्या. व्हॉल्व्ह बंद करा, मोटर बंद करा, झाकण बंद करा. ‘सोडा’ घ्या: बटण सोडा, दाब सोडा, पाणी सोडा. एका शब्दाला एकच अर्थ हा आमच्या धंद्याचा पहिला नियम, आणि मराठीत तो बसवायला कुणी बसलेलंच नाही. अमेरिकन पद्धतीत इशाऱ्याच्या तीन पायऱ्या आहेत: मरण किंवा गंभीर इजा होणारच, होऊ शकते, आणि किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते. मराठीत तिन्हींना बऱ्याचदा ‘सावधान’च. कन्नड पाटीवर ‘अपाय’ असतं, तो शब्द मराठीतही आहे, आणि बेळगावच्या कुठल्याही माणसाला तो कळतो. दोन्ही भाषांना चालेल असा इशारा तयारच आहे, कुणी उचलत नाही.

इथे वासाला ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवर फिनिशमध्ये ‘हेंगेनवारा’, म्हणजे जिवाला धोका, आणि त्याखाली तेच स्वीडिशमध्ये, ‘लीव्सफारा’, असतं. दुधाच्या पुड्यावरही तसंच, माइतो, म्योल्क. गावात अल्पसंख्य भाषेचे लोक ८ टक्के किंवा ३००० असले की गाव द्विभाषिक, आणि हा दर्जा दर दहा वर्षांनी आकड्यांवरून पुन्हा ठरतो. आपल्याकडेही १९५६ पासून १५ टक्क्यांचा निकष कागदावर आहे: तेवढे लोक असले तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात. खानापूर तालुक्यात मराठी माणसं १५ टक्क्यांच्या कितीतरी पुढे आहेत. फिनिश मुलांना शाळेत स्वीडिश घ्यावंच लागतं आणि त्यावरून इथेही तक्रारी होतात, पण ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवरची दुसरी ओळ कुणी खरडून काढत नाही.

सगळ्यात जास्त जीव जळतो तो पुढच्या गोष्टीने. युरोपच्या २००६ च्या मशिनरी निर्देशानुसार मशीन ज्या देशात विकायचं, त्या देशाच्या भाषेत सूचनांचं पुस्तक द्यावंच लागतं. त्यावर ‘मूळ सूचना’ की ‘मूळ सूचनांचं भाषांतर’ हेही छापावं लागतं. म्हणजे उद्यमबागेतला कारखानदार फिनलंडला प्रेस मशीन पाठवेल तेव्हा फिनिश भाषांतराचे पैसे मोजेल. तोच प्रेस खानापूरला जाईल तेव्हा सोबत इंग्रजी पुस्तक, तेही प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद.

हे सगळं मी इथून लिहिते, नोव्हेंबरमध्ये लवकरच पडणाऱ्या अंधारात, आणि मला माहीत आहे की इथून लिहिणं सोपं आहे. माझं मराठी बेळगावचं. ‘खरं’ म्हणजे ‘पण’, आणि वाक्याच्या शेवटी ‘की’. पुण्यात ते कन्नड वाटतं, बेंगळुरूत मराठी. दुसऱ्यांच्या दोन भाषांतल्या पानांवर लाल खुणा करत माझे दिवस जातात. आपल्या भाषेत मी असं एकही पान पूर्ण केलेलं नाही. होज बदलायचं पान मराठीत लिहायला घेतलं आणि चौथ्या ओळीवर अडकले. नट ‘ढिला करा’, ‘सैल करा’, की ‘लूज करा’? उद्यमबागेत पाना हातात घेतलेला माणूस यातलं काय म्हणतो, आणि त्याच्या शेजारचा कन्नड बोलणारा काय म्हणतो, हे मला पक्कं सांगता येत नाही. तिथे रोज उभं राहणाऱ्या कुणीतरी ते लिहून कळवावं. व्हॉल्व्हच्या ‘बंद’ला आणि मोटरच्या ‘बंद’ला तुम्ही वेगळे शब्द वापरत असाल तर तेही.