उखाणा कसला विचारता, कापसाचा भाव विचारा!

टीव्हीवरच्या हसण्या-खिदळण्याच्या कार्यक्रमांत पुढाऱ्यांना सोफ्यावर आणून बसवणं बंद करा. डोकं फिरतं आता. नट-नट्यांना बोलवा, गायकांना बोलवा, खेळाडूंना बोलवा, आम्ही आवडीनं पाहतो. पण ज्याच्या हातात आमचा कापूस, आमची वीज, आमचा पीकविमा आहे, तो माणूस तासभर समोर बसलेला असताना "वहिनींना पहिल्यांदा कुठं पाहिलं?" असं विचारायची लाज कशी वाटत नाही तुम्हाला?

परवा आमच्या भागातलेच एक साहेब आले होते. ठेचा-भाकर किती आवडते ते सांगून झालं. लहानपणी विहिरीत उड्या कशा मारायचे ते झालं. बायकोच्या नावानं उखाणा घेतला, जुनं गाणं गुणगुणलं, टाळ्या पडल्या. शेवटी पडद्यावर त्यांच्या आईचा फोटो आला, मागे हळू संगीत सुरू झालं आणि साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. आमच्या मायनं पदर डोळ्याला लावला. म्हणते, "कित्ती साधा मानूस हाये बापा. उगाच शिव्या देता तुमी त्याईले."

मायचा राग नाही मला. तिच्या जीव लावण्याच्या स्वभावाचा असा फायदा घेतला जातो, त्याचा राग आहे. हीच माय पावसानं काळं पडलेलं सोयाबीन ओंजळीत घेऊन बांधावर बसली होती, तेव्हा हे साधे साहेब कुठं होते? पंचनामा करायला या म्हणून गावातल्या पोरांनी फोनवर फोन केले. पीए एकच सांगून राहिला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. आमचा पांदण रस्ता असा आहे की पावसाळ्यात बैलगाडी चाकाच्या तुंब्यापर्यंत रुतते. तो पाहायला साहेबांना सवड नाही. मुंबईला जाऊन, तोंडाला रंग लावून, दिव्यांखाली बसायला मात्र पूर्ण दिवस मोकळा सापडतो.

आणि हा कार्यक्रम लागतो कधी? रात्री. त्या आठवड्यात आमच्याकडं शेतपंपाची थ्री फेज वीज रात्रीचीच होती. हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणून घरातला कर्ता माणूस त्या वेळी वावरात. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, पाय चिखलात. वरून रानडुकरांची धास्ती. मध्येच फ्यूज उडाला तर डीपीपाशी, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरपाशी, अंधारात चाचपडायचं, कारण लाइनमन रात्री येत नाही. दिवसा वीज द्या ही आमची मागणी माझ्या आठवणीतल्या प्रत्येक निवडणुकीत झाली आहे. त्या सोफ्यावर एकदा तरी कोणी विचारलं का, साहेब, तुमच्या मतदारसंघातला कास्तकार आत्ता या घडीला कुठं उभा आहे?

हे आता नेहमीचंच झालं आहे. 2022 मध्ये 'बस बाई बस' हा टीव्हीवरचा कार्यक्रम सुरू झाला तो सुप्रिया सुळेंना पहिल्या पाहुण्या म्हणून घेऊन. 2023 च्या जूनमध्ये 'खुपते तिथे गुप्ते' परत आला तेव्हा पहिले राज ठाकरे, मग त्या वेळचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे. कोणताही पक्ष घ्या, बोलावलं की सगळे जातात. सूत्रसंचालक हुशार आहेत, बोचरे प्रश्नही टाकतात, ते मी नाकारत नाही. पण बोचरा प्रश्न म्हणजे काय, तर कोणी कोणाला दगा दिला, कोण कोणाच्या घरी गुपचूप गेलं, भावाशी बोलणं आहे की नाही. त्यांच्या आपसांतल्या भांडणात आम्ही कुठंच नसतो. मी पाहिलेल्या भागांत हमीभाव हा शब्द माझ्या कानावर आला नाही.

पुढाऱ्यांना हे इतकं का आवडतं ते उघड आहे. पत्रकार परिषदेत कोणीतरी उलटा प्रश्न टाकतो, सभागृहात विरोधक उभा राहतो, गावात आलं तर म्हातारा माणूसही कॉलर धरतो. इथं यातलं काही नाही. पाहुणा म्हणून मान, अडखळलं तर काटछाट करायला संकलक, आणि दुसऱ्या दिवशी तेच तुकडे कार्यकर्त्यांच्या स्टेटसवर. जाहिरातीला लाखो रुपये मोजूनही जे मिळत नाही ते फुकटात मिळतं: घरातल्या बायामाणसांची माया. पुढं मतदानाच्या दिवशी आमची माय पीकविमा आठवणार नाही, डोळे पुसणारे साहेब आठवणार.

ब्रिटनमध्ये मॅट हॅनकॉक नावाचे माजी आरोग्यमंत्री 2022 मध्ये खासदार असतानाच ऑस्ट्रेलियातल्या जंगलात एका रिअ‍ॅलिटी शोला गेले. त्यांच्याच पक्षानं त्यांना संसदीय गटातून निलंबित केलं. मतदारसंघाचं काम सोडून हे काय चाललंय, असं लोकांनी तोंडावर विचारलं. आपल्याकडं साहेब टीव्हीवर आले की गावात फलक लागतो, अभिनंदनाचा!

नागपूरला हिवाळी अधिवेशन भरतं, विदर्भाचे प्रश्न मांडायला म्हणून. 2024 मध्ये ते 16 ते 21 डिसेंबर एवढंच चाललं. आमच्यासाठी सहा दिवस, आणि हे पुढारी महिनोन्‌महिने टीव्हीवर कोणाची पुरणपोळी चांगली फुगली ते सांगत फिरणार.

बोलवायचंच असेल तर हे विचारा. 2025-26 ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता. मग ऑगस्ट 2025 मध्ये बाहेरच्या कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क का काढलं, आणि आमचा कापूस घरात यायच्या हंगामातच ती सूट 31 डिसेंबरपर्यंत का वाढवली? ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला म्हणून खरेदी केंद्रावरून गाडी परत पाठवतात. मग तो कापूस वाळवायला कास्तकारानं जागा कुठून आणायची, की व्यापाऱ्यालाच पडेल भावात घालायचा? 2025-26 ला सोयाबीनचा हमीभाव 5328 होता, तर त्याच्या खाली बोली लागली तेव्हा बाजार समितीतला तुमचाच माणूस गप्प का बसला? साहेबांनी उत्तर दिलं की पुढचा प्रश्न घाईनं घेऊ नका, तिथंच थांबा, आकडा मागा. आणि त्या सोफ्यावर शेजारी आमच्या गावचा एक कास्तकार बसवा. उलटा प्रश्न तो विचारेल.